हाजींच्या विहिरीखालचा समुद्र

बहरीनहून परत आल्यापासून गावात जो भेटतो तो विचारतो, काय काय बघितलं? लोकांना उंच इमारती, सोन्याची दुकानं आणि समुद्रावरचा लांबलचक पूल यांच्याबद्दल ऐकायचं असतं. ते सगळं मी बघितलं. फोटोही आहेत, मुलीनं काढलेले, आणि एकूण एक फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. पण मनातून जात नाही अशी एकच गोष्ट मी तिथून घेऊन आलो आणि ती सांगताना मला अजून भीती वाटते.

मी विहिरीवाला माणूस. सांगोल्याकडच्या आमच्या दुष्काळी भागात तीस वर्षं माझी यारी होती. विहिरीच्या काठावर उभी करून खालचा दगड-मुरूम वर ओढायचं जे यंत्र असतं, त्याला आमच्याकडे यारी म्हणतात. आठ माणसांची टोळी होती आणि दोनशेच्या वर विहिरी आम्ही पाण्याला लावल्या. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पाणी लागलं की पहिली ओंजळ यारीवाल्यानं मालकाच्या देखत प्यायची, दुसरी मालकानं. पाणी वाईट निघालं तर ते आधी आपल्या पोटात जावं म्हणून. मग नारळ फुटतो, यारीवाल्याला टॉवेल-टोपी मिळते. एवढं सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे.

अदलिया

आमची स्मिता आणि जावई प्रशांतराव मनामा शहराच्या अदलिया भागात राहतात. प्रशांतराव एका बांधकाम कंपनीत इंजिनियर आहेत. जानेवारीत आम्ही दोघं नवरा-बायको दोन महिन्यांच्या व्हिसावर गेलो. विमान उतरताना मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. खाली सगळं भाजलेल्या भाकरीच्या रंगाचं, आणि चहूकडे पाणी. मी नदी शोधत होतो. नदी नसेल तर ओढा, निदान एखादा तलाव. काहीच दिसेना.

घरी पोचल्यावर चहा व्हायच्या आत मी प्रशांतरावांना विचारलं, तुमचं धरण कुठं आहे? ते हसले. धरण नाही, नदी नाही, पाऊस हिवाळ्यात चार-दोन सरी आणि गेले दोन हिवाळे त्याही नाहीत. नळाला येतं ते समुद्राचं पाणी, कारखान्यात गोडं केलेलं. मी म्हटलं, आणि कारखाना बंद पडला तर? ते म्हणाले, थोडं साठवलेलं असतं. थोडं म्हणजे किती, ते मी दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी स्मितानं विषय बदलला.

आमच्या गावात टँकर यायचा, पण टँकर कुठून तरी यायचा. इथं कुठून येणार? लाखो माणसं, हॉटेलं, मोटारी धुणारे लोक, आणि या सगळ्यांच्या घशाखाली जाणारं पाणी यंत्राच्या जिवावर. दुसऱ्या दिवशी मी घरातल्या बादल्या, पातेली, प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवला. नात इंग्रजीत काहीतरी बोलून पोट धरून हसली. आमची ही म्हणाली, "पाव्हण्यानं पाव्हण्यासारखं ऱ्हावं की. लेकीच्या घरात टंचाई कशाला आणताय?"

अदलिया तसं मजेचं ठिकाण. गल्लोगल्ली कॅफे, बुटके बंगले, रस्त्यानं चालणारा माणूस मी एकटाच. गाड्या माझ्यासाठी थांबत आणि आतले लोक काळजीनं बघत, याची टॅक्सी चुकली की काय. एका खानावळीत गरम खुब्ज आणि कडधान्याची आमटी मिळे. खुब्ज म्हणजे त्यांची तंदूरची रोटी. ती आमच्या भाकरीइतकीच मोठी, पण तिला चव येते ती गरम आहे तोवरच. तिथंही गल्ल्यावरच्या माणसाला मी पाऊस कधी पडला होता ते विचारलं. त्यानं आकाशाकडे बोट करून सांगितलं, मफी. मफी म्हणजे नाही. हा शब्द मी पहिल्या आठवड्यात शिकलो.

सित्र्याचा रस्ता

एका शुक्रवारी प्रशांतरावांनी आम्हाला सित्र्याकडे फिरवून आणलं. कारखान्यांचा भाग. कंपन्यांच्या बसमधून कामगार उतरत होते, जाळीमागे टाक्या आणि धुराडी. मला वाटलं, इथं काय बघायचं? प्रशांतराव म्हणाले, त्यांच्या ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरचं बालपण इथलं. तेव्हा सित्र्यात खजुरीच्या बागा होत्या, जमिनीतून झरे उसळायचे, पोरं त्यात पोहायची. मग बोअर झाले, पंप बसले, झरे गेले आणि बागा गेल्या.

रस्त्याच्या कडेला मला काही खजुरीची खोडं दिसली. शेंडे गळालेले, नुसते खांब उभे. मी गाडी थांबवायला सांगून उतरलो आणि बुंध्याजवळची माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली. मीठ. हिनं गाडीतूनच कपाळाला हात लावला. परतीच्या वाटेवर मी गाडीची काच खाली करून बसलो.

बुदैया

बुदैया मात्र मला आवडलं. जुनी गावं, हमरस्त्याच्या कडेनं शेतं आणि मधूनमधून नवे बंगले. हिवाळ्यात तिथं शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. मुळे, कोथिंबीर, टोमॅटो बघून मला हायसं वाटलं. एका टोपलीत चक्क बोरं होती. मी एक तोंडात टाकलं, तसा मागचा म्हातारा चांगल्या हिंदीत म्हणाला, कसं आहे? मी म्हटलं, गोड आहे, आमच्याकडच्यापेक्षा मोठं आहे. तो खूश झाला.

हे हाजी जासिम. पंचाहत्तरीचे, ताठ, डोक्याला पांढरा गुत्रा, म्हणजे त्यांचा रुमाल. तरुणपणी मुंबईला मालाच्या बोटीवरून जायचे, त्यामुळे हिंदी येत होती. मी काय काम करायचो ते कळल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. त्यांची बाग जवळच होती. चाळीस खजुरी, बोरीची दोन झाडं, थोडा भाजीपाला आणि एक विहीर. आजूबाजूच्या सगळ्या विहिरी खाऱ्या झाल्या होत्या. गोड्या पाण्याची ही शेवटची.

हाजींनी त्या दिवशीच मला बागेत नेऊन सगळं सांगून टाकलं. मुलं शहरात नोकरीला. त्यांना बाग विकून बंगले बांधायचे आहेत. हाजी म्हणायचे, विहीर गोडी आहे तोवर विकायचं नाही, आणि मुलांनाही ते कबूल होतं. पण दोन हिवाळे पाऊस नाही. तासभर पंप चालला की हवा ओढायला लागायचा. मुळ्याची पानं दुपारी माना टाकत.

मी विहिरीत डोकावलो. हातानं खोदलेली, दगडानं बांधलेली, पाच परस खोल. दोन्ही हात वर करून उभा राहिलेला माणूस जेवढा उंच होतो तेवढा आमचा एक परस. तळाशी वीतभर पाणी आणि मधोमध एक सपाट, घडवलेला दगड बसवलेला. मी विचारलं, हा कशासाठी? हाजी म्हणाले, बापानं ठेवलाय. याच्या खाली जायचं नाही, असं सांगून गेलेत.

आता इथं माझी अक्कल आडवी आली. आमच्याकडेही अशी म्हातारी माणसं भरपूर भेटतात. तळाला देव आहे, नाग आहे, अमुक हात खोलीच्या खाली जाऊ नका. मी त्यांची समजूत काढून खाली गेलो आणि दरवेळी पाणी लागलं. आमच्या मातीत नियम एकच: पाणी आटलं, खाली जा. मुरूम सरला की काळा पाषाण, पाषाणात कुठंतरी भेग, भेगेत झरा. मी हाजींना म्हटलं, दीड परस आणखी उतरलो की दिवसभर पंप चालेल. ते नको म्हणाले. मी आठवडाभर त्यांना भरीस घातलं.

ते रोज सकाळी अदलियातल्या हॉटेलांना कोथिंबीर द्यायला येत आणि जाताना मला पिकअपमध्ये घेऊन जात. वाटेत माझं एकच पालुपद. हाजी नुसतं इंशाल्ला म्हणत. शेवटी एक दिवस मुळ्याचा अख्खा वाफा वाळला आणि ते म्हणाले, यल्ला, म्हणजे चला.

प्रशांतरावांनी मला आधीच बजावलं होतं. इथं विहिरीला हात लावायचा तर परवानगी लागते, अण्णा, कुणी तक्रार केली तर माझ्या व्हिसावर येईल. मी सांगितलं, फक्त गाळ काढतोय. साठी उलटल्यावर जावयाशी खोटं बोललो. त्या दिवसापासून बागेबाहेर एखादी गाडी थांबली तरी मी कान टवकारायचो, पण हात काही थांबले नाहीत.

बागेत कामाला रफीक होता, बांगलादेशचा, पन्नाशीचा, अंगानं काटक. त्यानं आणि मी मिळून हाजींच्या बापाचा दगड पहारीनं उचलला आणि दोरानं वर काढला. हाजी तेवढा वेळ खजुरीकडे तोंड करून उभे होते. खाली दगड पांढरा, खडूसारखा मऊ. सुरुंग नको, घण नको, पहार नुसती आत जायची. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दगड इतक्या सहजासहजी वाट देत नाही. पाचव्या दिवशी दीड परस पुरा झाला आणि पायाखालून पाणी भसाभसा वर आलं.

मी वर येऊन रीतीप्रमाणे पहिली ओंजळ प्यालो. गोडं. हाजींनी दुसरी घेतली. स्मिताकडून नारळ आणून ठेवला होता, तो फोडून खोबरं वाटलं. टॉवेल-टोपीची गोष्ट मी हसत हसत सांगितली, तर हाजींनी घरातून नवा कोरा गुत्रा आणून माझ्या डोक्याला बांधला. रफीकनं फोटो काढला, त्या एका फोटोत माझे डोळे उघडे आहेत.

तीन दिवस पंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला. पाटातून पाणी खळखळत होतं, मुळे उभे राहिले. मी अदलियात कॉलर ताठ करून फिरत होतो. घरातल्या बादल्या भरणंही मी सोडून दिलं.

चौथ्या दिवशी रफीक म्हणाला, साबणाला फेस येत नाही. मी म्हटलं, साबण बदल. पण मनात पाल चुकचुकली. ओंजळ घेतली. काही कळेना. पुन्हा घेतली. जिभेच्या कडेला काहीतरी होतं. हाजी लांबून बघत होते, म्हणून मी मान डोलावली आणि बरं आहे अशी खूण केली.

सहाव्या दिवशी खूण करायची गरज उरली नाही. पाटाच्या काठांवर पांढरी पापडी धरली होती आणि मुळ्याची पानं कडांनी जळाली होती. मी धावत जाऊन पंप बंद केला. सित्र्याची ती चिमूटभर माती माझ्या तोंडात पुन्हा आली. भीती वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी तिथंच पंपाशेजारी बसलो. हाजी नमाजाला गेले होते. रफीक म्हणाला, काय झालं? मी पाटाकडे बोट केलं.

संध्याकाळी प्रशांतरावांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. स्मितानं रडवेली होऊन, अण्णा तुम्हाला कुणी सांगितलं होतं, एवढंच विचारलं आणि ती आत गेली. प्रशांतराव मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. मग गॅसवरच्या दुधाच्या पातेल्यात चमचा धरून त्यांनी मला समजावलं. इथं गोडं पाणी दुधावरच्या सायीसारखं वर तरंगतं. आतून कमी झालं, वरून पावसानं भर पडली नाही, की साय पातळ होते. मग वरवर, हलक्या हातानं काढायचं. चमचा खोल घातला की साय फाटते.

"आपल्याकडे खाली खडक असतो, अण्णा," ते म्हणाले. "इथं खाली समुद्र आहे."

उपाय काही आहे का, असं मी विचारलं. खोदलेलं बुजवायचं, पंप बंद ठेवायचा आणि पावसाची वाट बघायची. बरं होईल का? ते म्हणाले, माहीत नाही. माझ्या जन्मात मी विहीर बुजवली नव्हती. आमच्याकडे विहीर बुजवणाऱ्याच्या हातचं कुणी पाणी पीत नाही.

सकाळी प्रशांतराव ऑफिस बुडवून माझ्याबरोबर आले. हाजी विहिरीच्या काठावर बसलेले होते. त्यांना कळलेलं होतं. मी बादली सोडली, पाणी वर काढलं आणि रीतीप्रमाणे पहिली ओंजळ त्यांच्या देखत प्यालो. घशाखाली उतरेना, तरी उतरवली. हाजींनीही ओंजळ घेतली आणि सावकाश, चहा प्यावा तशी संपवली.

"मेरे बाप ने पत्थर रखा था," ते म्हणाले. "तुम ने उठाया. अब तुम रखो."

रागावले असते, शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. पण ते नुसते उठले आणि फावडं घेऊन आले. प्रशांतरावांनी कुठूनतरी चिकणमाती मिळवली. तीन दिवस आम्ही काढलेलाच पांढरा दगड खाली टाकला, त्यावर माती चोपली. शेवटी मी आत उतरून तो सपाट दगड पहिल्यासारखा बसवला. दगडाच्या खालच्या बाजूला पहारीची एक जुनी, झिजलेली खूण होती, आमच्या पहारीची नव्हे. हाजींच्या बापानंही कधीतरी खाली जाऊन बघितलं असेल, आणि घाबरून वर आला असेल. तळात उभा असताना मला सारखं वाटत होतं की पायाखाली काहीतरी हलतंय. रफीकनं दोर ओढला तेव्हा मी लहान पोरासारखा घट्ट धरून वर आलो.

परतीला नऊ दिवस होते. मी रोज बागेत जायचो. मी पहिली ओंजळ, हाजी दुसरी. खारं. हाजी बाहेरून टँकर मागवून खजुरींना थोडं थोडं देत होते. मुलांना त्यांनी काही सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, पंप दुरुस्तीला आहे. आकाशात एक दिवस ढग आले, दुपारपर्यंत थांबले आणि समुद्राकडे निघून गेले. आम्ही तिघं माना वर करून उभे होतो. रफीक म्हणाला, खलास.

निघायच्या दिवशी हाजी पिकअप घेऊन अदलियात आले. एक पिशवी बोरं हिच्यासाठी आणि माझ्यासाठी एक बाटली, विहिरीच्या पाण्याची. मी ती सामानात कपड्यांच्या घडीत घालून आणली.

सांगोला

दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर हाजी विहिरीचं पाणी चाखतात आणि रफीकच्या फोनवरून मला बोलून निरोप पाठवतात. निरोप ऐकायच्या आधी मी त्या बाटलीतला एक घोट घेतो. पहिली ओंजळ माझी, म्हणून. मग फोन कानाला लावतो. हाजी एकच शब्द बोलतात, "खारा." आणि मी बाटलीचं झाकण लावतो.

यंदा आमच्याकडेही पाऊस ओढ देऊन बसलाय. लोक विहिरी खोल करायला म्हणून सल्ल्याला येतात. आमच्या मातीत खाली खडकच आहे हे मला पक्कं माहीत आहे. तरी काठावर जाऊन मी नुसता आत डोकावतो आणि दुसऱ्याचं नाव सुचवून परत येतो. ही म्हणते, असं कसं चालेल? चालत नाही, पण काय करू?

गेल्या शुक्रवारचा निरोप नेहमीपेक्षा लांब होता. पंप बंदच आहे. पाच खजुरींचे शेंडे वाळले. मग हाजी मुद्द्याला आले. "भाई, मुझे अब पानी मीठा लगता है," ते म्हणाले. "मैं खुश हो गया. लेकिन रफीक बोलता है, खारा है. मेरी जबान को आदत हो गई. अब मुझे मालूम नहीं पडता. तुम चखो, तुम बताओ."

मी बाटलीतला घोट तर आधीच घेतला होता. फोन बाजूला ठेवून आणखी एक घेतला. तोंडात घोळवला. जिभेच्या कडेला, घशापाशी, सगळीकडे शोधलं. गोडं लागत होतं.

मी हिला हाक मारली आणि उरलेलं पाणी पेल्यात ओतून दिलं. तिनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मोरीत जाऊन थुंकून आली.